ठळक आणि कोनदार: मथळ्याचा फॉन्ट कसा निवडावा, कसा बसवावा

मजकुराच्या अक्षराने वाचकाच्या वाटेत येऊ नये आणि मथळ्याच्या अक्षराने त्याला थांबवावं, इतका दोघांच्या कामात फरक आहे. ठळक, कोनदार डिस्प्ले फॉन्ट हे थांबवण्याचं काम फार मोठ्या आवाजात करतो. जाड दांडे, गोलाईच्या जागी सरळ रेषा, छाटलेले किंवा टोकदार कोपरे आणि आत उरलेली अगदी थोडी पांढरी जागा, अशी त्याची ठेवण असते. नीट बसवला तर तीन-चार शब्दांत काम होतं. चुकला तर लांबून नुसता काळा ठोकळा दिसतो.

चुका पुष्कळ होतात, पण जवळजवळ सगळ्यांच्या मुळाशी दोनच गोष्टी असतात: अक्षरातली पोकळी बुजते किंवा कोन बिघडतो. पोकळी म्हणजे ‘व’च्या पोटातली, ‘ठ’च्या आतली, दोन दांड्यांमधली पांढरी जागा. पुढचं बरंचसं मार्गदर्शन या दोन गोष्टी सांभाळण्याबद्दल आहे.

कोन कुठून आला ते ओळखा

‘कोनदार’ या एका शब्दात तीन वेगळ्या जाती येतात आणि त्यांची कामंही वेगळी आहेत.

पहिली जात छाटलेल्या कोपऱ्यांची. गोल ‘ओ’च्या जागी अष्टकोन येतो, प्रत्येक वळण ४५ अंशांच्या एका तिरक्या रेषेत संपतं. एकोणिसाव्या शतकातल्या लाकडी ठशांमध्ये ही अक्षरं दिसतात. रॉन बॉन्डर आणि टॉम कार्नेस यांचा १९७० सालचा ‘आयटीसी मशीन’ हा या जातीचा ठळक नमुना. खेळाडूंच्या पाठीवरचे आकडे, यंत्रांवरच्या पाट्या, संघांची नावं यांना ही अक्षरं शोभतात. त्यांचा स्वभाव शिस्तीचा आणि पोलादी.

दुसरी जात छिन्नीची. रुडॉल्फ कॉख यांनी १९२३ साली क्लिंग्सपोर या छपाईची अक्षरं ओतणाऱ्या फाउंड्रीसाठी ‘नॉयलांट’ केला, तो आधी कागदावर न रेखाटता थेट धातूच्या पंचावर, म्हणजे ज्यावरून छपाईची अक्षरं तयार होतात त्या मूळ ठशावर, कोरून. म्हणूनच त्याच्या वेगवेगळ्या मापांतली अक्षरं तंतोतंत सारखी नाहीत. बर्थोल्ड वोल्पे यांच्या ‘अल्बर्टस’चं मूळ कांस्यावरच्या उठावाच्या अक्षरांत आहे: अक्षराभोवतीचा धातू कापून टाकायचा आणि अक्षर वर ठेवायचं. अशा अक्षरांच्या कडा पट्टीने ओढल्यासारख्या नसतात, दांडे टोकाकडे किंचित रुंदावतात. दगड, लाकूड, हाताचं काम सुचवायचं असेल तेव्हा ही जात घ्यावी. अमेरिकेत नॉयलांटला जंगल आणि आफ्रिका यांचं ठरावीक चित्र चिकटलं. मूळ जर्मन कामाशी त्या प्रतिमेचा संबंध नाही. फॉन्टला अशी प्रतिमा चिकटली असेल तर वापरण्याआधी ती माहीत असायला हवी.

तिसरी जात चौकटीची. मॉरिस फुलर बेंटन यांचा १९३० सालचा ‘बँक गॉथिक’ इथे मोडतो. देवनागरीत इंडियन टाइप फाउंड्रीचे ‘तेको’, ‘राजधानी’ आणि ‘खंड’ या जातीच्या जवळचे आहेत. तिन्ही मुक्त परवान्याचे, देवनागरी आणि रोमन दोन्ही लिप्यांचे, आणि हलक्यापासून बोल्डपर्यंत पाच वजनांचे (वजन म्हणजे जाडीची पायरी). टोक कमी आणि पोकळी मोकळी असल्याने रोजच्या कामात हे सगळ्यांत कमी दगा देतात. देवनागरीत पहिल्यांदाच कोनदार फॉन्ट वापरत असाल, तर इथूनच सुरुवात करावी.

देवनागरीला कोन परका नाही, हे ध्यानात असू द्या. बोरूचं टोक तिरकं कापलेलं असतं, त्यामुळे हाताने लिहिलेल्या अक्षराचा प्रत्येक दांडा मुळातच तिरक्या छाटेने संपतो. मात्र बोरूची ही तिरकी कापणी रोमन लिपीच्या रुंद टाकाच्या उलट दिशेची आहे. म्हणून दोन वेगळ्या फॉन्टांतली छिन्नीची अक्षरं शेजारी ठेवली की छाटा एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहतात आणि मथळा कुठेतरी खटकत राहतो. दोन्ही लिप्या एकत्र आखलेला फॉन्ट घ्या. ‘यात्रा वन’मध्ये रोमन अक्षरंही देवनागरीच्या कलमाच्या कोनाने काढली आहेत, त्यामुळे तिथे ही अडचण येत नाही. रोमन अक्षरांवर खोटी शिरोरेषा ओढून ‘देशी’ दिसणारे फॉन्ट मात्र टाळाच. देवनागरी वाचणाऱ्याचा डोळा त्या रेषेखाली क्षणभर देवनागरी अक्षर शोधतो आणि अडखळतो.

निवडण्याआधीची चाचणी

फॉन्टचा नमुना नेहमी त्याच्या सोयीच्या शब्दांत दाखवलेला असतो. तुम्ही गैरसोयीचे शब्द टाइप करा: दुसऱ्या, कुऱ्हाड, किल्ल्या, राष्ट्र, ज्ञान, हृदय, शुद्ध, शाळा, ॲप, ऑफिस, सर्वांगीण, तंतूंनी.

‘दुसऱ्या’मध्ये अर्ध्या ‘र’चा चंद्रकोरीसारखा आकार यायला हवा. तो न येता रफार किंवा पाय मोडलेला ‘र’ आला, तर फॉन्ट मराठीसाठी तपासलेला नाही. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली, त्यामुळे जुन्या फॉन्टांत तो नसू शकतो. तेव्हा संगणक ते एक अक्षर दुसऱ्याच फॉन्टमधून उचलतो आणि जाड मथळ्यात मधेच एक किरकोळ अक्षर दिसतं. ‘शाळा’ आणि ‘किल्ल्या’ मराठी वळणाच्या ‘श’ आणि ‘ल’साठी आहेत. बऱ्याच फॉन्टांत हिंदी वळण मूळ असतं आणि मराठी वळण भाषेच्या खुणेमागे दडलेलं असतं. वेबपानाला किंवा मजकुराच्या चौकटीला भाषा ‘मराठी’ अशी नेमून द्या, म्हणजे ते आपोआप येतं. नेमूनही आलं नाही तर ते त्या फॉन्टमध्ये नाही.

मग सारखी दिसणारी अक्षरं जोडीने लावा: घ–ध, भ–म, थ–य, ब–व, प–ष, ड–ङ, ख आणि ‘रव’. गोलाई काढली की या जोड्यांतला फरक एखाद्या खाचेवर किंवा शिरोरेषेतल्या तुटीवर येऊन ठेपतो. रोमनमध्ये ८ आणि बी, ५ आणि एस, शून्य आणि डी, २ आणि झेड या जोड्या अष्टकोनी फॉन्टात गल्लत करतात. नंबरपाटी, सामन्याचा धावफलक, औषधाचं पाकीट असं काम असेल तर ही चाचणी सोडू नका. शिरोरेषा काढून टाकलेल्या देवनागरी फॉन्टांत भ–म आणि घ–ध यांचा आधारच जातो. तिथे शब्द संदर्भाने ओळखू येत असेल तरच तो फॉन्ट चालेल.

किमान माप पोकळीवरून काढा

‘इतक्या पॉइंटच्या खाली वापरू नका’ असा एकच आकडा सगळ्या फॉन्टांना लागू पडत नाही, पण आकडा काढायची रीत सगळ्यांना लागू पडते.

तुमचा खरा मथळा १०० पॉइंटमध्ये टाइप करा. अक्षरांचं आउटलाइनमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांत, रूपांतर करा आणि सगळ्यांत अरुंद पांढरी जागा शोधून मोजा. ती बहुतेकदा अनुस्वार आणि वेलांटी यांच्यामध्ये, ‘ध’ किंवा ‘थ’च्या गाठीत, नाहीतर ‘ष्ट’सारख्या जोडाक्षरात सापडते. समजा ती १.२ मिलिमीटर भरली. गुळगुळीत कागदावरच्या छपाईत अशी फट ०.२५ मिलिमीटरपर्यंत टिकते, साध्या शोषक कागदावर ०.४ हवी, कापडावरच्या स्क्रीन प्रिंटला ०.७ च्या खाली जाऊ नये. साध्या कागदासाठी हिशेब असा: १०० गुणिले ०.४ भागिले १.२, म्हणजे सुमारे ३३ पॉइंट. हा मथळा त्याखाली छापायचा नाही. काळ्यावर पांढरी अक्षरं असतील तर उलट बाजूने बघा. तिथे शाई अक्षराच्या आत पसरते, म्हणून सगळ्यांत बारीक पांढरा भाग, म्हणजे टोकं आणि अनुस्वार, मोजा.

पडद्यासाठी तोच हिशेब पिक्सेलमध्ये करा. सगळ्यांत अरुंद फट निदान २ पिक्सेल हवी. १०० पिक्सेलच्या मथळ्यात ती ४ पिक्सेल असेल, तर ५० पिक्सेलच्या खाली तो फॉन्ट नको. मोबाइलवर मथळा आपोआप लहान होत असेल तर तिथे त्याच कुटुंबातलं एक पायरी हलकं वजन लावा. ठळकपणा थोडा कमी झाला तरी चालेल, शब्द वाचता आला पाहिजे.

लांबून वाचायच्या पाटीसाठी दर ३ मीटरला सुमारे २.५ सेंटिमीटर उंची हा प्रचलित ढोबळ आडाखा आहे. जाड कोनदार अक्षराला तो पुरत नाही, दीडपट घ्या. १२ मीटरवरून वाचायच्या पाटीला १० ऐवजी १५ सेंटिमीटर. देवनागरीत ही उंची शिरोरेषेपासून पायाच्या रेषेपर्यंतची धरायची, मात्रा आणि उकार वगळून. पॉइंटच्या मापावर इथे विसंबू नका, कारण त्या मापातला मोठा हिस्सा वरच्या-खालच्या खुणांनी घेतलेला असतो आणि तो फॉन्टागणिक बदलतो. पाटी बनवण्याआधी एक स्वस्त तपासणी करता येते: २० मीटरवरून वाचायची २५ सेंटिमीटरची अक्षरं म्हणजे डोळ्याला २ मीटरवरून दिसणारी २.५ सेंटिमीटरची अक्षरं. तेवढी छापून भिंतीला लावा आणि २ मीटर मागे उभे राहा.

अंतर: रोमनला एक नियम, देवनागरीला दुसरा

रोमन मोठ्या लिपीत छाटलेले कोपरे अक्षरांमध्ये पांढरे त्रिकोण सोडतात. एल आणि टी, ए आणि व्ही, टी आणि ए यांच्यात भोक पडल्यासारखं दिसतं, तर एच आणि आय, एन आणि एम यांचे सरळ दांडे गर्दी करतात. आधी सबंध शब्दाचं ट्रॅकिंग, म्हणजे सगळ्या अक्षरांमधलं सरसकट अंतर, ठरवा, मग कर्निंग, म्हणजे एकेका जोडीतलं अंतर. ६० पॉइंटपर्यंत शून्य ते अधिक २० आणि फार मोठ्या मापात उणे १० ते उणे २० या पट्ट्यात बहुतेक शब्द बसतात. (एकक एमचा, म्हणजे फॉन्टच्या मापाइतक्या लांबीचा, हजारावा भाग: १०० पॉइंटच्या अक्षराला २० म्हणजे २ पॉइंट.) शब्द उलटा करून पाहा. अर्थ दिसेनासा झाला की जागांचा असमतोल चटकन कळतो.

देवनागरीत ट्रॅकिंग वापरूच नका. प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षराच्या शिरोरेषेवर थोडी चढवलेली असते. अंतर वाढवलं की ती तुटते, कमी केलं की दांडे एकमेकांत घुसतात. वेबपानावर रोमन मथळ्यांना दिलेलं लेटर-स्पेसिंग मराठी मथळ्यांनाही लागतं आणि शब्दाचे तुकडे पडतात. मराठी भाषेच्या खुणेसाठी ते वेगळं शून्य करून ठेवा. शब्द पसरट हवाच असेल तर रुंद कापाचा, म्हणजे मुळातच रुंद आखलेला, फॉन्ट घ्या. एकाच मथळ्यापुरतं काम असेल तर आउटलाइन करून अक्षरं सरकवा आणि शिरोरेषेचे शेवटचे बिंदू ओढून ती पुन्हा जोडा.

ओळींमधलं अंतर हा देवनागरी मथळ्याचा सगळ्यांत नाजूक भाग. रोमन मोठ्या लिपीत फॉन्टच्या मापाच्या ०.९ पटीवर दोन ओळी बसतात. देवनागरीत वर वेलांटी, रफार, अनुस्वार एकावर एक येतात आणि खाली उकार व उभी जोडाक्षरं लोंबतात, म्हणून १.१५ ते १.३ पट लागते. तेवढं अंतर फार वाटत असेल तर ते कमी करण्याआधी ओळ कुठे तोडायची ते बदलून पाहा. वरच्या ओळीतल्या ‘तू’खाली ‘कीं’ आलं तर टक्कर होणार. एक शब्द खाली ढकलला तर ‘तू’खाली ‘म’ येतो आणि ओळी पुष्कळ जवळ घेता येतात. पोस्टरवर ही हातचलाखी खुशाल करावी. ज्या मथळ्याचे शब्द पुढे बदलणार आहेत तिथे मात्र पूर्ण अंतर ठेवा.

अक्षरंच मोडली, वेलांटी चुकीच्या जागी पडली, जोडाक्षर सुटं दिसलं, तर फॉन्टला दोष देण्याआधी सॉफ्टवेअरची मजकूर-मांडणी तपासा. ॲडोबीच्या साधनांत भारतीय लिप्यांसाठीची मांडणी निवडावी लागते. इनडिझाइनमध्ये तिचं नाव ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’.

कोन कसा बिघडतो

छाटलेल्या फॉन्टची ओळख ४५ अंशांत असते. हा कोन सबंध शब्दात सारखा राहिला तर अक्षरं एका साच्यातली वाटतात. तो चार सवयींनी बिघडतो.

एक, ताणणं. शब्द आडवा १२० टक्के केला की ४५ चे सुमारे ४० अंश होतात, उभे दांडे पाचव्या हिश्शाने जाडावतात आणि आडव्या रेषा होत्या तेवढ्याच राहतात. जागा भरायची असेल तर रुंद काप वापरा, शब्द बदला किंवा जागा रिकामी राहू द्या.

दोन, खोटा तिरका. सॉफ्टवेअरने १२ अंश कललेल्या अक्षरात एका बाजूची छाट ३९.५ अंशांवर येते, दुसऱ्या बाजूची ५२ च्या जवळ. गोल अक्षरात हे लपतं, कोनदारात लपत नाही. वेग दाखवायचा असेल तर अक्षर सरळ ठेवून सबंध ओळ चढती लावा. तीही १०–१५ अंश तरी, कारण १–२ अंश फिरवलेल्या लांब सरळ कडा पडद्यावर पायऱ्या-पायऱ्यांच्या दिसतात.

तीन, खोटा बोल्ड. वेबवर हा प्रकार फार होतो. ‘रुसो वन’, ‘ब्लॅक ऑप्स वन’, ‘यात्रा वन’ हे एकाच वजनाचे फॉन्ट आहेत आणि दिसायला जाड असले तरी त्यांची नोंद ४०० या साध्या वजनाखाली आहे. ब्राउझर मात्र मथळ्याला आपणहून बोल्ड मागतो. बोल्ड सापडला नाही की आहे तेच अक्षर सरकवून फासतो, म्हणजे जाडाचं आणखी जाड होतं आणि पोकळी संपते. मथळ्याचं वजन स्पष्टपणे ४०० लिहा, किंवा फॉन्ट-सिंथेसिस, म्हणजे ब्राउझरची ही खोटी बनवाबनवी, बंद करा. तुमच्या पानावर फॉन्ट नमुन्यापेक्षा बोजड दिसत असेल तर सगळ्यांत आधी हे बघा.

चार, कडेची रेघ, म्हणजे स्ट्रोक. रेघ कडेच्या मध्यावर बसते, त्यामुळे तिची अर्धी जाडी अक्षराच्या आत जाते. तिच्या कोपऱ्यांना टोकदार जोड हवा, गोल जोड लावला तर सगळा कोनदारपणा धुऊन निघतो. टोकदार जोडालाही मायटर मर्यादा असते, म्हणजे टोक रेघेच्या जाडीच्या किती पट लांब जाऊ द्यायचं त्याची. वेबवरच्या एसव्हीजी या रेखाचित्रांच्या फाइलींत ती आपोआप ४ असते, तेव्हा सुमारे २९ अंशांपेक्षा धारदार कोपरे सपाट कापले जातात. इलस्ट्रेटरमध्ये ती १० असते, तिथे सुमारे ११.५ अंशांपर्यंत टोक टिकतं. एकाच शब्दात काही टोकं शाबूत आणि काही बोथट दिसली तर कारण हेच. मर्यादा वाढवताना नजर ठेवा, फार बारीक कोनातून लांब काटे बाहेर येतात.

देवनागरीत रेघ किंवा पारदर्शक रंग देण्याआधी आउटलाइन करून सगळे आकार एकत्र जोडून घ्या. न जोडता रेघ दिली तर शिरोरेषेच्या प्रत्येक सांध्यावर उभी चीर उमटते, आणि पारदर्शक रंग दिला तर तिथे गडद पट्टा. रंग पारदर्शक ठेवायचाच असेल तर तो सबंध गटाला द्या, सुट्या अक्षरांना नको.

कापायची, कोरायची अक्षरं

कोनदार अक्षरं कापायला सोपी असतात हा समज अर्धा खरा आहे. सरळ रेषा यंत्राला आवडतात, पण कोपरे आवडत नाहीत.

राउटरने, म्हणजे फिरत्या पात्याच्या कोरण्याच्या यंत्राने, कोरताना बाहेरचा कोपरा हवा तितका धारदार येतो, आतला मात्र पात्याच्या गोलाईइतकाच. ३ मिलिमीटरच्या पात्याने ९० अंशांच्या आतल्या कोपऱ्यात सुमारे ०.६ मिलिमीटर लाकूड उरतं. १३५ अंशांच्या छाटलेल्या कोपऱ्यात ते जेमतेम ०.१२ उरतं आणि डोळ्याला दिसतही नाही. ४५ अंशांच्या खाचेत मात्र जवळजवळ २.४ मिलिमीटर उरतं आणि खाच बोथट होते. म्हणून कोरीव कामाला अष्टकोनी जात निवडा. छिन्नीची जात हवी असेल तर बारीक पातं वापरा किंवा आतले कोपरे शेवटी हाताने साफ करा.

व्हायनिल, म्हणजे पाट्यांवर चिकटवायची प्लास्टिकची फिल्म, कापताना पात्याचं टोक त्याच्या अक्षाच्या किंचित मागून ओढलं जातं. यंत्रात हे अंतर पात्याप्रमाणे नीट भरलेलं नसेल तर प्रत्येक कोपरा गोलसर किंवा शेपटी आल्यासारखा निघतो. आधी एक चौकोन आणि एक त्रिकोण कापून बघा. ३० अंशांपेक्षा धारदार टोकं चिकटवताना उचलली जातात आणि पुढे तिथूनच सोलत जातात. ती अर्धा मिलिमीटर छाटून टाकलीत तर कुणाच्या लक्षात येणार नाही, आणि पाटी जास्त टिकेल.

लाकडात किंवा पत्र्यात आरपार कापून उभा करायचा शब्द असेल तर देवनागरीचा मोठा फायदा होतो: शिरोरेषा सगळा शब्द एका तुकड्यात धरून ठेवते. सुटे पडतात ते अनुस्वार, चंद्रबिंदू आणि विसर्ग. अनुस्वार बारीक पुलाने शिरोरेषेला जोडा. स्टेन्सिलमध्ये प्रश्न उलटा होतो, तिथे बंद पोकळी गळून पडते. ‘व’, ‘ब’, ‘क’, ‘ठ’, ‘ढ’ यांच्या पोटाला पूल द्या, दांड्याच्या जाडीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाइतका, आणि सगळे पूल एकाच दिशेला ठेवा.

स्वतः अक्षरं काढायची असतील तर

एखाद्या नावासाठी किंवा बोधचिन्हासाठी पुरा फॉन्ट लागत नाही, चार-पाच अक्षरं पुरतात. चौकटीचा कागद किंवा सॉफ्टवेअरमधली जाळी घ्या. शिरोरेषेच्या वरच्या कडेपासून पायाच्या रेषेपर्यंत ५० घरं, उभा दांडा १० घरं, शिरोरेषा आणि आडव्या रेषा ९ घरं. आडवी रेषा डोळ्याला उभ्यापेक्षा जाड वाटते म्हणून ती मुद्दाम कमी घ्यायची. मात्रा-वेलांटीसाठी वर १८–२० घरं आणि उकारासाठी खाली १६–१८ घरं राखून ठेवा.

आता कोपरा. नवशिका हात इथे हटकून चुकतो: बाहेरचा कोपरा जितका छाटला तितकाच आतलाही छाटतो. तसं केलं की वळणावर जाडी ४१ टक्क्यांनी वाढते, १० घरांचा दांडा कोपऱ्यात १४ घरांचा होतो आणि प्रत्येक वळणावर काळी गाठ बसते. आतली छाट काढायची रीत अशी: बाहेरच्या छाटेतून दांड्याच्या जाडीचा ०.५८६ भाग वजा करा. दांडा १० आणि बाहेरची छाट १० असेल तर आतली फक्त ४. बाहेरची छाट ६ असेल तर आतला कोपरा सरळ काटकोनी ठेवा, जाडी आपोआप सारखी येते. ६ पेक्षा कमी छाटलं तर कोपरा थोडा जड होणारच. दणकट अक्षरात तो चालतो, पण मग सगळ्या अक्षरांत तसाच ठेवा.

छाटेसाठी कोन एकच ठरवा. फार तर ‘र’, ‘श’, ‘क्ष’ यांच्या उतरत्या पायांसाठी दुसरा एक. तिसरा कोन आला की अक्षरं वेगवेगळ्या घरची वाटायला लागतात. तिरका दांडा उभ्याला जिथे मिळतो तिथे काळं साचतं, म्हणून तिरका दांडा सांध्याजवळ ८ घरांवर आणा. ‘म’, ‘न’, ‘ग’, ‘ल’ यांच्या गाठीत भोक ठेवायचा हट्ट धरू नका. एवढ्या जाडीत भरीव त्रिकोण किंवा चौकोन जास्त स्वच्छ वाचला जातो. ‘ध’ आणि ‘भ’च्या डोक्यावरची तूट मात्र निदान ४ घरांची ठेवा, कारण ‘घ’ आणि ‘म’पासून त्यांना तीच वेगळं करते. ‘पाणी’, ‘गाणारा’ असे शब्द काढले की उभ्या दांड्यांचं कुंपण तयार होतं. तिथे नुसता काना अर्ध्या घराने बारीक करा आणि दांड्यांमधली जागा समान करा. सपाट टोकाची अक्षरं पायाच्या रेषेवर नेमकी टेकवा, टोकदार संपणारी एक घर खाली उतरवा, नाहीतर ती आखूड दिसतात.

काळ्यावर पांढरं वापरणार असाल तर दुसरी प्रत बनवा आणि दांडे अर्ध्या घराने बारीक करा. उजेड पसरतो, पांढरं अक्षर आहे त्याहून जाड दिसतं.

सोबत काय ठेवावं, कुठे थांबावं

या फॉन्टच्या शेजारी शांत, मोकळ्या पोकळीचा, साधा मजकुराचा फॉन्ट ठेवा. ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट या कामाला चांगला आहे. दोन कोनदार फॉन्ट एका पानावर भांडतात. मथळा मजकुराच्या निदान तिप्पट मापाचा असू द्या. दुप्पटीला कुणाचा आवाज मोठा हे ठरत नाही. देवनागरी आणि रोमन मोठी लिपी एका ओळीत असेल तर रोमन अक्षराची वरची कड शिरोरेषेच्या वरच्या कडेला लावा आणि दांड्यांची जाडी मोजून जुळवा. सारख्या पॉइंटमध्ये ती क्वचितच जुळते.

सामने, यंत्रं, बांधकाम, धोक्याच्या सूचना, मैफिलीची पोस्टरं, खेळांची आवरणं, पाकिटावरचं नाव, इथे हा फॉन्ट घरी असतो. धोक्याच्या पाटीवर मात्र ‘थांबा’ किंवा ‘धोका’ एवढंच त्यात घ्या, खालच्या सूचना साध्या अक्षरांत. सांत्वनाचा मजकूर, रुग्णांसाठीची माहिती, लांब उतारे, अर्ज, तक्ते यांत तो नको. पाच-सहा शब्दांपलीकडे वाचक अक्षरं ओळखण्यातच गुंततो. कॉन्ट्रास्टसाठी, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातल्या फरकासाठी, वेब सुलभतेच्या निकषांत मोठ्या मजकुराला ३:१ चालतं. मोठा म्हणजे १८ पॉइंट, किंवा १४ पॉइंट बोल्ड. तरी बुजणाऱ्या पोकळीच्या फॉन्टला ४.५:१ द्यावं, असं आमचं मत.

परवाना वापराआधी वाचा. ओपन फॉन्ट लायसन्सखालचा फॉन्ट धंद्याच्या कामात, बोधचिन्हात, वेबवर चालतो, फक्त फॉन्टची फाइल एकटी विकता येत नाही. विकत घेतलेल्या फॉन्टला संगणक, वेब आणि ॲप यांचे परवाने बहुधा वेगळे असतात. वेबसाठी फाइल लहान करताना न लागणारी अक्षरं काढा, पण जोडाक्षरांचे नियम फाइलमध्ये राहू द्या. ते गेले की ‘राष्ट्र’चे तुकडे होतात. जुन्या, युनिकोडमध्ये नसलेल्या फॉन्टातलं अक्षर आवडलं असेल तर ते आउटलाइन करून चित्र म्हणून लावा आणि चित्राच्या पर्यायी मजकुरात तोच मथळा युनिकोडमध्ये टाइप करा. छपाईला पाठवताना दोन फाइली ठेवा: आउटलाइन केलेली छापणाऱ्याला, आणि जिवंत मजकुराची स्वतःजवळ, फॉन्टच्या फाइलसकट.